तोटा नसलेला धंदा

रस्त्यात गेलेल्या आमच्या जमिनीचे नऊ लाख बँकेत जमा झाले, आणि ज्यांनी सहा वर्षांत माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नव्हती त्यांचेही फोन यायला लागले. आमच्या चाकणात कुणाचा पैसा आला की आधी शेजाऱ्यांना कळतं, मग मालकाला.

हे पैसे हजचे, असं मी घरात पहिल्याच दिवशी बजावलं. मी आणि सोबतीला मुलगा दस्तगीर. त्याच्या मुलीचं, नाजनीनचं, ताथवड्यातलं कॉलेज दोन वर्षांनी संपलं की निघायचं. तोवर पैसे ठेवायचे कुठं? बँकेत व्याज चढतं, आणि व्याज आम्ही खात नाही. पासबुकात पडलेलं सगळं व्याज मी आजवर बाजारतळावरच्या संडासाच्या डागडुजीला देत आले.

रविवारी माझा जावई इलाही वाकडहून आला. बूट काढायच्या आधी त्यानं मोबाईल काढला.

"अम्मा, हे शंभर टक्के हलाल ॲप. महिन्याला दोन टक्के नफा."

हिरवा रंग, घुमट, दाढीवाल्या मौलानांचा फोटो. एवढी सजावट दिसली की माझा डोळा बारीक होतो. आमचं मुलाण्याचं घर. सासऱ्यांनी, मालकांनी गावात उभी हयात सुरी धरली. बकरं कुणाच्या हातचं, हे विचारल्याशिवाय आमच्यात तुकडा तोंडात जात नाही. हलालची पाटी काय, कुणीही लावतं.

"ह्या मौलानांचं नाव काय?"

"मोठे आहेत, अम्मा."

"मोठे हे काय नाव हाय? गाव कुठलं?"

इलाही मोबाईलमध्ये नाव शोधायला लागला.

नाजनीननं दुसरं ॲप काढलं. "दादी, ह्यात चार आलिमांची नावं आहेत, पत्ते आहेत. लायसन्सचा नंबर मी सरकारी साइटवर तपासला."

"मैत्रिणीनं सांगितलं आसंल."

"व्हय, मैत्रिणीनंच. म्हणून तर तपासला."

"दोन्हीकडं फोन लावा," मी म्हणाले. "मी बोलते."

इलाहीच्या ॲपवाला पोरगा मला लगेच अम्मीजान म्हणायला लागला. पहिल्या वाक्याला अम्मीजान म्हणणाऱ्याकडून मी बांगड्यासुद्धा घेत नाही.

"तोटा झाला तर?" मी विचारलं.

"तोटा होतच नाही, अम्मीजान. गॅरंटी."

मी फोन ठेवून दिला. माझे मालक अर्धलीनं शेळ्या द्यायचे. शेळी आमची, राखण धोंडीबाची, करडं निम्मी निम्मी. शेळी मेली की धोंडीबा तिचा कान कापून आणून दाखवायचा. मेली, विकली नाही, एवढ्यासाठी. आमची शेळी गेली, त्याची मेहनत गेली, कुणी कुणाकडं काही मागायचं नाही. शेळी कधी मरत नाही आणि करडं मात्र दर महिन्याला ठरलेली, असं धोंडीबा म्हणाला असता तर मालकांनी त्याला दारात उभं केलं नसतं. नफा ठरलेला आणि तोटा नाहीच, मग व्याज आणखी काय असतं?

दुसरीकडं एक मुलगी बोलली. "तोटा होऊ शकतो, आजी. गेल्या वर्षी चार महिने भाव खालीच होता." दारूच्या, सावकारीच्या कंपन्यांचे शेअर ते घेत नाहीत, कुठून थोडं व्याज शिरलंच तर आकडा कळवतात, तेवढं आपण दान करायचं. "आणि दोन वर्षांतच लागणार असतील तर सगळे इथं टाकू नका."

ती इतकं खरं बोलली की मला तिचाही संशय आला. मी नाजनीनला आलिमांपैकी एकाच्या मदरशात फोन लावायला लावला. ते स्वतः फोनवर आले. म्हणाले, "दर तीन महिन्यांनी यादी मीच बघतो."

मी इलाहीकडं बघितलं. समोरचा चहा तसाच.

"तू किती टाकलेत?"

"साडेतीन लाख."

"बिल्किसला माहीत हाय?"

माझ्या लेकीचं नाव निघताच त्यानं मान खाली घातली.

"आणि मला आणल्यावर तुला काय मिळणार होतं?"

"पाच टक्के," तो पुटपुटला.

"काढ आत्ताच्या आत्ता."

त्यानं बटण दाबलं. 'विनंती नोंदवली' एवढंच आलं. त्या पोराला सात वेळा फोन केला, उचलला नाही. मघाशी मात्र पहिल्याच घंटीला अम्मीजान.

नाजनीनच्या ॲपात मी दोन लाख टाकायला सांगितले. बाकीचे बँकेत, हाताशी; व्याज पडेल ते आधीसारखं संडासाच्या डागडुजीला. दस्तगीरला म्हणाले, "इलाहीचे आले तर दोघं जाऊ. न्हाई आले तर माझ्या नवातले साडेतीन लाख बिल्किसच्या घराचे, आन मी बायकांच्या गटातून एकटी जाईन. लेकीला उघड्यावर टाकून केलेला हज कबूल व्हायचा न्हाई."

दस्तगीरचा चेहरा उतरला, पण तो "बरं अम्मा" म्हणाला.

मग मी इलाहीकडं वळले. "बिल्किसला फोन लाव. तू सांगतोस का मी सांगू?"

त्यानं फोन लावला. घंटी वाजत होती तोवर तो माझ्याकडं बघत राहिला, मी 'राहू दे' म्हणेन म्हणून. मी म्हणाले नाही.