एक्क्याऐंशी ब्लँकेटं

अर्जातला रिकामा रकाना माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि याचा मला भारी गर्व होता. इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी वेगवेगळ्या गोदामांतून येणारे सामानाचे अर्ज तपासते. काही अपुरं असलं की अर्ज परत. त्या सोमवारी हाउन्सलोच्या कोल्ड स्टोअरमधल्या प्रबुद्धचा बारा जॅकेटांचा अर्ज असाच परत पाठवला. मॅनेजरची सही नव्हती. जुनी जॅकेटं फाटलीत, माणसं गारठताहेत, असं तो फोनवर अजिजीने सांगत होता. मी त्याला नियम ऐकवला.

त्याच दुपारी रांगेत एक विचित्र अर्ज दिसला. नदीकाठचा किल्ला, डिसेंबर १७९४, ब्लँकेटं एक्क्याऐंशी. आमच्या ऑफिसातल्या परीक्षितला जुन्या अमेरिकन लष्कराच्या कागदांचं वेड. नव्या सिस्टीमच्या चाचणीसाठी त्याने त्या किल्ल्यावरच्या एका पुरवठा अधिकाऱ्याचं पत्र टाकलं होतं. तीन प्रती जोडल्या नाहीत म्हणून त्या काळी फिलाडेल्फियाच्या लष्करी कचेरीने ते परत धाडलं होतं म्हणे. मला हसू आलं. मीही गंमत म्हणून, पोस्टकोड नाही असा शेरा मारून ते परत पाठवलं.

मंगळवारी ते पुन्हा आलं. ब्लँकेटं चौसष्ट. सही नाही, परत. बुधवारी तीस. गुरुवारी नऊ. आता मात्र चेष्टा पुरे, म्हणून परीक्षितला झापायला गेले, तर त्याचा चेहराच उतरला.

"मी एकच पत्र टाकलं होतं, वैजयंती. तेही सोमवारीच डिलीट केलं."

आकडा का उतरतोय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं: पांघरायला माणसंच कमी उरत होती. मला माझ्याच बोटांची भीती वाटली.

शुक्रवारी ब्लँकेट एक. एकही रकाना न बघता मी ते मंजूर केलं. लगेच पोच आली: मिळालं. आता गरज नाही.

त्या पोचेखाली रांगेत प्रबुद्धच्या कोल्ड स्टोअरचा अर्ज पुन्हा आलेला होता. या वेळी मॅनेजरची सही होती, पोस्टकोड होता, सगळं अगदी नियमात. फक्त जॅकेटं बाराऐवजी अकरा मागितली होती.

मी अर्ज मंजूर केला आणि प्रबुद्धला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.