पुन्हा या

हौसेरावांनी तिरडी बांधायला घेतली तेव्हा घरात कोणी मेलं नव्हतं. शेजारीपाजारीही सगळे धडधाकट होते. दिघ्याच्या गल्लीत, दारासमोर, दोन लांब हिरवे बांबू आडवे टाकून ते तिसऱ्याच्या कामट्या काढत होते, आणि कोयता हवा त्याहून जास्त जोरात बसत होता.

"दारात काय अभद्र मांडलंय?" त्यांच्या पत्नी यशोदाबाई उंबऱ्यातून ओरडल्या.

"आर्डर हाय."

"कुनाची?"

"हस्तकलेची."

सानपाड्याच्या एका नव्या सोसायटीत महिला मंडळानं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हस्तकला बाजार सुरू केला होता. वस्तू विकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली असावी, अशी अट होती. हौसेरावांनी जन्मात दुसऱ्या कशानं काही केलंच नव्हतं, त्यामुळे ते सुपं घेऊन गेले. चार फुटांचं टेबल मिळालं. टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाव. तीस वर्षं त्यांची सुपं घराघरांत पाखडत होती, पण हौसेराव हे नाव मतदारयादीखेरीज कुठं छापून आलं नव्हतं. तो पुठ्ठा त्यांनी येताजाता चार वेळा सरळ केला.

मंडळाच्या अध्यक्षा सुचित्राताईंनी सुपं हातात घेऊन पाहिली आणि टेबलाखाली ठेवली.

"ही वापरायची वस्तू झाली, हौसेराव. कला नाही." मग त्यांनी इंग्रजी मासिकातलं एक चित्र पुढे केलं. दोन उभे बांबू, मध्ये आडव्या पट्ट्या. "हे आणा पुढच्या वेळी. माणसाच्या उंचीचं. नाहीतर टेबल दुसऱ्यांना द्यावं लागेल, वेटिंग आहे."

"ताई, हे घरात ठेवत न्हाईत."

"म्हणूनच तर वेगळं दिसेल!"

"आवो, हे म्हंजे..."

"तुम्ही लोक ना, फार निगेटिव्ह विचार करता."

हे सगळं ऐकून यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. "निगेटिव म्हंजे काय?"

"तेच इचारणार हाय," हौसेराव सुंभाची गाठ दातांनी आवळत म्हणाले. "रविवारी. चार मानसांत."

वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं. 'ताई, ही तिरडी. आता सांगा, कुनासाठी?' बस. सगळ्या सोसायटीसमोर. आठ दिवस ते वाक्य त्यांनी कोयत्याबरोबर घासून धार लावून ठेवलं.

बुरुडाच्या धंद्यात या मालाचे दोन रिवाज. घेणारा भाव करत नाही, आणि देणारा 'पुन्हा या' म्हणत नाही. बाजाराचेही नियम होते, टंकलिखित, प्रत्येक टेबलाला चिकटवलेले. पहिलाच होता : प्रत्येक ग्राहकास हसून 'पुन्हा या' म्हणावे.

रविवारी टेम्पोच्या टपावर बांधून माल निघाला. ऐरोलीला एका स्कूटरवाल्यानं गाडी बाजूला घेऊन हात जोडले. हौसेरावांना धीर आला. म्हणजे लोकांना कळतं.

सोसायटीत कोणालाही कळलं नाही.

"किती रस्टिक!" सुचित्राताई म्हणाल्या आणि त्यांनी तिरडी थेट प्रवेशद्वारापाशी उभी करवली. तिच्यावर एका खादीवालीची पांढरी ओढणी सोडली. शोभेला झेंडूच्या माळा आल्या. मडकी रंगवणाऱ्या क्षिप्रानं आपलं एक मडकं आणून पायथ्याशी ठेवलं. सोसायटीचे खजिनदार बंडूकाका, कमरेला नवा पेजर, चार पावलं मागे सरून बघत राहिले.

"काहीतरी कमी वाटतंय," ते म्हणाले.

काय कमी होतं ते हौसेरावांना दिसत होतं. त्यांनी दात आवळले. नंदिनी नावाच्या बाईंनी असलीच जोडी मिळेल का म्हणून विचारलं. बेडरूमच्या दोन बाजूंना दोन. हौसेरावांची कानशिलं तापली. शिवी द्यावी आणि समोरच्यानं ती फ्रेम करून भिंतीवर लावावी, तसं चाललं होतं. वाक्य जिभेवर होतं, पण ऐकायला अध्यक्षा जागेवर हव्यात. त्या पाहुण्यांना आणायला फाटकाशी गेल्या होत्या.

पाहुणे म्हणजे गावातले हिरामणशेठ. सोसायटी उभी होती ती एके काळची त्यांची भातखाचरं. वय ऐंशीच्या पुढे, पांढरं धोतर, काळी टोपी. ते दारात आले, थबकले. चपला काढल्या. टोपी काढली. हात जोडले.

"कोन गेला?"

"कोणी नाही गेलं, काका," बंडूकाका लगबगीनं म्हणाले. "सगळे आहेत. चहा व्हायचाय अजून."

हिरामणशेठनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ओढणी बाजूला करून ते एकेक गाठ बोटानं चाचपत वर गेले. मग हौसेरावांकडे वळले.

"तू बांधलीस?"

"व्हय."

"गाठ बरी हाय. हल्ली खिले मारतात." म्हातारा जवळ सरकला. आवाज खाली आणला. "माझ्यासाठी ठेव. पोरं ऐन टायमाला कायपन आनतील. भाव करत न्हाय."

"सोल्ड!" सुचित्राताईंनी टाळी वाजवली. "काका, तुमच्या हॉलमध्ये काय दिसेल!"

"हां," हिरामणशेठ म्हणाले. "तिथूनच नेतील."

सगळे हसले. अध्यक्षा जागेवर होत्या. चार माणसं होती, चाळीस होती. आठ दिवसांचं वाक्य हौसेरावांच्या ओठांपर्यंत आलं. समोर म्हातारा अजून अनवाणी उभा होता, हात गाठीवर, जाकिटाचं माप द्यायला आल्यासारखा.

हौसेरावांनी वाक्य गिळलं. ते फार कडू लागलं. मग त्यांनी पिशवीतून कोयता काढला आणि वरची पहिली गाठ कापली.

"अहो! सोल्ड आहे ते!"

"इकायचं न्हाई."

"मग टेबल विसरा!"

"इसरलो."

दुसरी कापली, तिसरी कापली. कामट्या फरशीवर खडाखड पडल्या, झेंडू विस्कटला, क्षिप्रानं मडकं उचलून पोटाशी धरलं. हौसेराव टेबलाखाली वाकले, एक सूप काढलं, तळहातानं झटकलं आणि हिरामणशेठच्या हातात दिलं.

"हे न्या, शेठ. तांदूळ पाखडा."

"तांदूल?" हिरामणशेठनी पायानं फरशी दाखवली. "तो हितं पिकवत व्हतो."

"मग इकतचा पाखडा. त्यातबी खडे असतात."

म्हाताऱ्यानं सूप उजेडात धरलं, काठ दाबून पाहिला, वास घेतला.

"केवढ्याला?"

हौसेरावांनी आकडा सांगितला.

"येवढ्याला? सुपाचं? लुटतोस काय रं!"

"घ्यायचं तर घ्या. दोन पावसाळ्यांत हाललं तर मला सांगा."

"निम्मं देईन."

"निम्म्यात निम्मं सूप कापून देतो. कोयता हातातच हाय."

दोघंही चांगलेच तापले. बंडूकाका मध्ये पडायला गेले, दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. शेवटी सौदा पटला, तेव्हा दोघांनाही आपण बुडाल्यासारखं वाटत होतं. हिरामणशेठनी चपला घातल्या, सूप काखेत मारलं आणि निघाले.

"शेठ!" हौसेराव मागून ओरडले. गरजेपेक्षा बरंच मोठ्यानं, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं. "पुन्हा या! सूप जुनं झालं की पुन्हा या!"

म्हाताऱ्यानं मागं न बघता हात वर केला.

सुचित्राताई टेबलावरचा नावाचा पुठ्ठा काढत होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या, "म्हणता येतं की तुम्हाला."