पडदा काळा झाल्यावर

कोरेगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी बाई मी एकटीच, आणि त्याचा मला नको तेवढा तोरा होता. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मी उपाय सांगून मोकळी व्हायची.

दोन वर्षांपूर्वी सुभेदार लालासाहेबांचा फोन आला, तेव्हाही तेच केलं.

"पोरी, मशीन बंद करतो, पडदा काळा हुतो, पर आतला पंखा फिरतच ऱ्हातो. दिवा बी जळतो. आपोआप बंद हुईना झालंय. येऊन बगतीस का?"

त्यांचं गाव तेरा किलोमीटरवर, आणि माझ्या टेबलावर तीन प्रिंटर उघडे पडलेले.

"आवं सुभेदार, त्यात काय बगायचं? पडदा काळा झाला की भिंतीवरचं बटण बंद करा. काय हुत न्हाई."

"रोज?"

"व्हय, रोज."

सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेली. एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, असली माणसं आम्हाला नवी नाहीत. माझं मलाच कळायला हवं होतं.

त्या मशीनमध्ये ते गावातल्या फौजी माणसांची यादी करत होते. कोण कधी भरती झाला, कुठं पडला, मागं कोण राहिलं. म्हाताऱ्या बायकांच्या ओट्यावर बसून त्यांनी दोनशे बारा माणसं गोळा केली होती. यंदाच्या पंधरा ऑगस्टला ती नावं शाळेपुढच्या दगडावर कोरायची ठरलेली. हातानं लिहिलेला कागद टाइप झाला की सुभेदार तो बंबात घालायचे. एक काम दोन जागी ठेवायचं नाही, अशी त्यांची शिस्त!

जूनमध्ये ते मशीन मांडीवर घेऊन एसटीनं दुकानात आले. म्हणाले, "सुरूच हुईना."

मी खोलून बघितलं. डिस्क गेली होती. पडदा काळा झाला तरी आत माहिती लिहायचं काम चालू असायचं, आणि सुभेदार रोज संध्याकाळी नेमकी तेव्हाच वीज तोडत होते. माझ्या सांगण्यावरून, दोन वर्षं. सेटिंगमधली एक खूण काढली असती, तर मशीन आपसूक बंद झालं असतं. दहा मिनिटांचं काम होतं.

आतली माहिती काढायला डिस्क पुण्याला पाठवली. ती येईपर्यंत औंधच्या यमाईला नवस बोलून झाला. पण देवीनं तरी माझं पाप का निस्तरावं? बाराव्या दिवशी डिस्क परत आली. एकही नाव निघालं नव्हतं.

"सगळं गेलं, सुभेदार," मी सांगितलं.

ते म्हणाले, "परत इचारू म्हणलं तर कुणाला इचारू? ज्यांनी सांगितलं त्यातली निम्मी गेली. अंबूबाई हाय, पर तिला सवताचा ल्योक बी वळखू येत न्हाई."

मी डिस्क परत पाकिटात घातली.

"तू सांगितलंवतंस, काळा झाल्यावर बंद करा. माझी नजर अधू. मीच कवातरी घाई केली आसंल, आदीच बटण दाबलं आसंल. व्हय न्हवं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. शब्द ओठांवर आले होते. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"तसंच झालं आसंल," मी म्हणाले.

पंधरा ऑगस्टला मी त्यांच्या गावी गेले. न जाऊन चैन पडेना. दगड कोराच उभा होता. झेंडावंदन झाल्यावर सुभेदार छातीवर पदकं लावून पुढं आले आणि त्यांनी हात जोडले.

"तुमची माणसं माज्या चुकीनं हरवली. मला माफ करा." मग त्यांनी बायकांच्या रांगेत मला शोधलं. "कोरेगावच्या ह्या पोरीनं लय खटपट केली. तिचं उपकार गावानं इसरू नयेत."

सगळं गाव माझ्याकडं वळलं आणि टाळ्या वाजवायला लागलं.