अर्धा घासलेला दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. दगड बोलतो म्हणून हसू नका. आम्हीही बोलतो, फक्त घाई करत नाही.

जपानच्या शिकोकू बेटावरच्या खाणीतला मी. तोकुजी नावाच्या म्हाताऱ्या पाथरवटाने माझ्या अंगात ओळीने सात पाचरी ठोकल्या आणि दर घावाला तो कान लावून ऐकत राहिला. सातव्या पाचरीला मी डोंगरापासून सुटलो. फार हलकं वाटलं, आणि फार एकटंही.

मला निवडलं मिदोरी हॉलिस या शिल्पकार बाईने. तिची आई त्याच गावची, वडील अमेरिकन. गावातली पोरं तिला परकी म्हणायची, आणि अमेरिकेत लोक विचारायचे, "तू मूळची कुठली?" तिने माझी एक बाजू वर्षभर घासली, इतकी की त्या बाजूत ढग दिसू लागले. दुसऱ्या बाजूची तपकिरी साल आणि पाचरींच्या खाचा मात्र तशाच ठेवल्या.

"काम अर्धवट टाकून निघालीस होय गं?" तोकुजीने टोमणा मारला.

"नाही काका. झालं ते."

म्हातारा हसला. पाहुणे येण्याआधी अंगणात शिंपतात तसं त्याने लांब दांड्याच्या डावाने माझ्यावर पाणी ओतलं. साल काळीभोर झाली. त्या पाण्याची मला अजून स्वप्नं पडतात.

मग जहाजातून मी सिएटलच्या एका चौकात आलो. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणे. मला देवपण नाही आलं, पण थकलेली माणसं माझ्यावर टेकू लागली. बऱ्याच वर्षांनी चौकाच्या नव्या समितीला मात्र माझ्या खाचा खुपल्या. दगड वाटेत फुटला, असंच त्यांना वाटलं. एका सकाळी वॉल्टर नावाचा गवंडी माझी साल उतरवायला मशीन घेऊन आला. मी घाबरलो, मित्रांनो. ती साल गेली असती, तर माझा डोंगरच गेला असता.

बातमी कळताच मिदोरी धावत आली. तिचे केस पांढरे झाले होते.

"बाई, मला दुरुस्तीला पाठवलंय," वॉल्टर म्हणाला.

"करा की. आधी एवढं बघा." तिने बादलीभर पाणी माझ्यावर ओतलं.

वॉल्टरने ओल्या खाचेत बोट फिरवलं. "कुणाचा घाव हा? हात कसलेला होता."

"तोकुजीकाकांचा."

त्याने मशीनची वायर गुंडाळली. "सांगतो समितीला, इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही."

आता तोकुजी नाही, मिदोरीही नाही. वॉल्टर काठी टेकत येतो, बाटलीतलं पाणी खाचांवर ओततो आणि शेजारी बसून राहतो.

मित्रांनो, मला पूर्ण करायला कुणी येऊ नका. आलात तर थोडं पाणी घेऊन या.