आपाची खबर

आमच्या रेडिओचे मालक चार वेळा बदलले आणि चौघांनाही वाटलं की रेडिओ आपल्यापासूनच सुरू झाला. पहिला बियाण्यांचा व्यापारी. त्याच्या काळात कापसाचे भाव, गझला आणि मधूनमधून त्याच्याच बियाण्यांची स्तुती. दुसरा बिल्डर. त्यानं गझला बंद केल्या आणि हिंदी गाण्यांचा असा दणका लावला की क्रांती चौकातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चहाचे कप थरथरायचे. तिसऱ्याचे कोचिंग क्लासेस होते. गाणी गेली, स्पर्धा परीक्षांचे प्रश्न आले. प्रत्येकानं नाव बदललं, पाटी बदलली, अर्धी माणसं घरी पाठवली. टिकली ती फक्त सकाळी सात दहाची 'आपाची खबर', आणि ती वाचणारी मी, अनवरी.

खबर म्हणजे मयताची. कोण गेलं, कुठं राहायचं, जनाजा किती वाजता, किंवा अंत्ययात्रा कुठून निघणार. दहा मिनिटांत शहरातले सगळे मेलेले, एकदा मराठीत आणि एकदा आमच्या दखनीत. हिंदू-मुसलमान असा वेगळा रकाना नव्हता, जसे जायचे तसे वाचायचे. शहराचं नाव बदललं तेव्हा मी नवं नाव वाचायला लागले. मेलेल्यांपैकी कुणी तक्रार केली नाही.

माझा नियम एकच होता, दोन तोंडांची खबर. घरच्यांचा फोन आला की मी लिहून घ्यायची आणि मग दुसऱ्या कुणाला तरी स्वतः फोन लावायची. मशिदीत अजान देणाऱ्या मुअज्जिनला, शेजाऱ्याला, स्मशानातल्या माणसाला. दुसऱ्या तोंडून तेच आलं तरच वाचायची. कारण भावकीची भांडणं माणूस मेला म्हणून संपत नाहीत, उलट तेव्हाच त्यांना पालवी फुटते. बावीस वर्षांत माझी एकही वेळ चुकली नाही. 'आपा बोल्ली तो सही' असं लोक म्हणायचे आणि मी फुगायची. खोटं कशाला बोलू?

चौथा मालक म्हणजे परराज्यातली एक कंपनी. तिचं तोंड कुणी पाहिलं नाही. तिनं ऋतुराज नावाचा सत्तावीस वर्षांचा मॅनेजर पाठवला. पोरगा नम्र होता. तीन दिवस त्यानं मला माइकसमोर बसवून नावं, आकडे, वार, मोहल्ले वाचून घेतले. म्हणाला, "मॅडम, यातून कॉम्प्युटर शिकेल. तुमचा आवाज कायमचा राहील." मला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मी शिडीसुद्धा मागत नाही. सही करून मोकळी झाले.

महिन्याभरानं त्यानं सांगितलं की आता यायची गरज नाही.

तेव्हापासून रोज सकाळी बायजीपुऱ्यातल्या माझ्या घरात बसून मी माझीच खबर ऐकते. नावाआधी जरा थांबायची माझी सवयही त्या मशीननं उचलली आहे. पहिले काही दिवस रडले. शेजारणींना वाटायचं की आपा पहाटेच जाऊन वाचून येते. मी त्यांना तसंच वाटू दिलं. नोकरी गेली हे सांगायची लाज वाटत होती, दुसरं काय.

एप्रिलमध्ये एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा असेल. शर्टाच्या खांद्यावर कांद्याची फोलपटं चिकटलेली.

"मी तन्वीर. वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी आहे. किराडपुऱ्याच्या जन्नतबीचा धाकटा."

जन्नतबीची खबर चार दिवसांपूर्वी मी घरात बसून ऐकली होती. मी त्याला आत बोलावलं. तो उंबऱ्यावरच बसला.

"थोरल्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाय. अम्मी गेली तर त्यानं फोन केला नाय. तुमच्या रेडिओवर कळलं मला. तुमी सांगितलं, असरच्या नमाजनंतर दफन. म्हणजे पाचनंतर. घरात तर पाय ठेवू देणार नव्हते, म्हणून सरळ कब्रस्तानात आलो. चार वाजल्यापासून दरवाज्यात बसलो. पाच वाजले, साडेपाच वाजले, जनाजा येईना. मग कब्र खोदणाऱ्याला इचारलं. त्यानं ओली माती दाखवली. दुपारी जोहरलाच झालं म्हणे सगळं."

आमच्यात प्रत्येकजण कबरीवर तीन मुठी माती टाकतो. आईला माती द्यायला मुलगा नसणं, याच्यापुढे दुसरी शिवी नाही.

"मोहल्ल्यातली मंडळी पहाटेपासून घरातच होती, रेडिओ कुणी ऐकला नाय," तो म्हणाला. "भाई सगळ्यांना सांगतोय, आपा कधी चुकत नाय, रेडिओवर टाइम बरोबरच आला असणार, हाच आला नाय. लोक माझा सलाम घेत नायत. माझ्या पोरीची सोयरीक ठरत होती, तिकडून निरोप आला की राहू द्या. मला दुसरं काय नको, आपा. एकदा रेडिओवर बोला. टाइम चुकला होता, तन्वीर आला होता. बस."

"तो आवाज माझा आहे," मी म्हणाले, "पण ते मी बोलले नाही. मशीन बोलतं."

"आपा, गरीब हूं मैं. पागल नहीं."

तो उठून गेला. माझं नाव माझ्याच हातानं मातीत गेलं होतं आणि त्याच्यासोबत या माणसाचंही.

दुसऱ्या दिवशी मी क्रांती चौकात गेले. माइकची खोली कोचिंगवाल्यांना भाड्यानं दिलेली, आत मुलं गणितं सोडवत होती. ऋतुराजनं खुर्ची दिली, पाणी दिलं, लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आता खबर घरच्यांनी मोबाइलवरून भरायची, तसा भरलेला जन्नतबीचा फॉर्म होता. भरणारा कमरोद्दीन, म्हणजे तन्वीरचा थोरला भाऊ. वेळ, असरनंतर.

"ही वेळ कुणी तपासली?"

"ओटीपी येतो ना, मॅडम. एकदम सिक्युअर आहे."

"दुरुस्ती वाचायची आहे."

"तसा ऑप्शन नाही. चारच रकाने आहेत. मयताचं नाव, पत्ता, वेळ, ठिकाण. ते भरलं की सिस्टिम वाचते."

"मग मला माइक दे. दोन मिनिटं."

"माइक नाहीच आता, मॅडम," तो म्हणाला. आणि खरंच कानकोंडा झाला बिचारा.

तिथून किराडपुऱ्यात गेले. मुअज्जिन याह्याभाई म्हणाले, आम्ही पहाटेच्या फजरपासून दुपारच्या जोहरचंच सांगत होतो. कमरोद्दीनचा हात चुकला की त्यानं मुद्दाम केलं, ते अल्लाह जाणे. माझा एक फोन याह्याभाईंना गेला असता तर तो प्रश्नच उरला नसता. तिथल्या चौकात बसलेल्यांना मी सांगितलं की रेडिओवर वेळ चुकली होती, आणि तो आवाज आता माझा नाही. ते हसले. एक म्हातारा म्हणाला, "आपा, बावीस बरस से सुन रहें. तुमारी आवाज नहीं पैचानेंगे क्या?" तन्वीरची दया आली म्हणून आपा खोटं बोलते आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. रेडिओवरचा आवाज खरा आणि समोर उभी असलेली मी खोटी ठरले.

घरी आले, मोबाइलवर तो फॉर्म उघडला. मयताचं नाव, अनवरी, आपाची खबर वाचणारी. पत्ता माझा. वेळ, जोहरनंतर. ठिकाण, राहतं घर. जित्या माणसानं असलं काही करणं गुनाह आहे, हे मला सांगायची गरज नाही. तोबा केली आणि बटण दाबलं. ओटीपी आला.

सकाळी सात दहाला माझ्या आवाजानं मला मारलं. नावाआधी जराशी थांबले, मग नाव घेतलं, मग मगफिरतची, गुन्हे माफ होण्याची दुआ. मी भिंतीला धरून खाली बसले. आपल्याला वाटतं आपण कुणीतरी आहोत. आवाजाला वाटत नाही.

ऋतुराजचा फोन आला. "मॅडम, तुम्ही... आहात ना?" मी फोन ठेवून दिला. शेजारणी धावत आल्या, त्यांना आत घेऊन गप्प बसवलं. दुपारी दीडनंतर गल्ली माणसांनी भरली. किराडपुऱ्यातले आले, याह्याभाई आले, कमरोद्दीन आला, सर्वात मागे तन्वीर. चिकलठाण्याहून, पडेगावहून माणसं, हातात हार घेतलेली हिंदू मंडळी. मी दार उघडून बाहेर आले.

दोन बायका किंचाळल्या. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

"सकाळी ऐकलंत ते माझ्या आवाजात होतं," मी म्हणाले. "मी ते बोलले नाही. कुणीही काहीही भरावं, तो आवाज वाचतो. जन्नतबीची वेळ असर सांगितली, तीही त्यानंच. दफन जोहरला होतं. तन्वीर चारपासून कब्रस्तानच्या दारात बसला होता. तो आला होता."

हार आणलेल्या माणसानं हार पिशवीत परत ठेवला. कुणीतरी शिव्या घातल्या, त्या मला लागूच होत्या. मग याह्याभाई पुढं झाले आणि त्यांनी तन्वीरला मिठी मारली, आणि त्यांच्यामागून एकेक जण. कमरोद्दीन खाली मान घालून निघून गेला. तन्वीर ढसाढसा रडला. मीही रडले. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

आठ दिवसांनी रेडिओनं चिकलठाण्याच्या मुक्ताबाईंची खबर दिली. तीस वर्षं एका कारखान्यात राबलेली बाई. कारखाना केव्हाच बंद पडला, सोबतच्या बायका शहरभर पांगल्या. नवी सवय लागली होती, म्हणून मी खात्री करायला स्वतः गेले. खबर खरी होती. अकराची वेळ होती. साडेअकरा झाले. अंगणात तिरडी बांधून तयार, आणि माणसं मोजून सहा, माझ्यासकट सात, त्यात पुरुष तिघेच. शेजाऱ्यानं फोनवर कुणालातरी विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं, "रेडिओवरचं ना? ती आपा तर जित्तीच असताना मेली होती."

मुक्ताबाईंचा मुलगा सम्यक रस्त्याकडे पाहत होता. त्यानं मला आवाजावरून ओळखलं.

"आपा," तो म्हणाला, "आईच्या कारखान्यातल्या बायांचे नंबर नायत माझ्याकडं. रेडिओवर दिलं होतं, तुमी वाचलं पण. मग कुणीच कसं आलं नाय?"

खांदा द्यायला चौथा माणूस कमी पडत होता, तो आणायला मी रस्त्यावर गेले.