हात कोणी धरला?

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर फुंकरबाबा टाळ्या वाजवत ओरडत होते, "ओढा श्वास! सोडा! आणखी जोरात! आत जागा करा, पाहुणा दारात उभा आहे!" आणि शहाणीसुरती माणसं लोहाराच्या भात्यासारखी धापा टाकत होती.

पहिल्या रांगेत माझी वहिनी होती. थोड्याच वेळात ती डोलायला लागली. ओठ थरथरले, बोटं आकसून वळली. बाबा धावत आले. "बघा! स्वर्गातल्या पतिदेवांनी हात धरला!" लोकांनी हात जोडले. मग बाबांनी तिच्या डोक्यावर शाल टाकली, "आता शांत, अगदी हळू श्वास," असं पुटपुटले आणि बोटं सुटली. पाहुणा परत गेला म्हणे!

दादा गेल्यापासून वहिनी एकटीच राहते. कापडाच्या दुकानात दिवसभर कापड मोजते, तिथे काही होत नाही. संध्याकाळी घराच्या कुलपात किल्ली घातली, की छाती धडधडते आणि पायाखालची जमीन हलते. डॉक्टरीणबाईंनी हृदय, रक्त, कान सगळं तपासलं. "ही भीतीची चक्कर आहे. माझ्याकडे बोलायला येत जा," म्हणाल्या. भीती म्हटल्यावर वहिनीला कमीपणा वाटला. बाबांनी त्याच चकरेला दादाचं नाव दिलं. शिवाय, "नोकरी सोडून मठात या, ते रोज येतील," असं सांगितलं. उद्या ती दुकानात राजीनामा देणार होती.

मी व्यासपीठावर चढलो. "बाबा, मलाही पाहुणा हवा."

बाबा खूश झाले. मी भराभर श्वास घेतले. डोकं गरगरलं, ओठांना मुंग्या आल्या, बोटं वळली.

"कोण आलंय?" बाबा गरजले.

"कोणी नाही. मी शाळेत बिगुल शिकवतो. नवं पोर पहिल्या दिवशी जीव खाऊन फुंकतं आणि असंच गरगरतं. मी त्याला खाली बसवतो, हळू श्वास घ्यायला लावतो. शाल लागत नाही."

हशा पिकला. मी लोकांना सांगितलं, "जोरजोरात श्वास घेतला-सोडला, की रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड नको तितका कमी होतो. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटं वळतात. घाबरलेला माणूस नकळत हेच करतो."

"नास्तिकाला अनुभव येत नाही!" बाबा किंचाळले.

"आत्ताच आला की!"

वहिनी मात्र हसली नाही. मी तिला घराच्या दारापर्यंत सोडायला गेलो. तिथे ती म्हणाली, "भावजी, मला थोडं थोडं कळत होतं. पण आठवड्यातून एकदा कोणीतरी माझा हात धरत होतं."

मला रडूच आलं. खोटं उघडं पाडून मी तिला रिकाम्या घराशी आणून उभं केलं होतं.

तिने किल्ली घातली. "आली, चक्कर आली!"

"येऊ द्या. श्वास ओढू नका, सोडा. हळू. आणखी हळू. आली तशी जाईल." मी तिचा हात धरला. थोड्या वेळाने कुलूप उघडलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, राजीनामा न देता. डॉक्टरीणबाईंकडेही जाते. चक्कर अजून येते, पण तिला आता चक्करच म्हणतो आम्ही.

वाचकहो, गरगरलं, धडधडलं तर आधी डॉक्टर गाठा. आणि तुमच्या घरात कोणी एकटं पडलं असेल, तर त्याचा हात तुम्ही धरा. आपण धरला नाही, की बाबा धरतो.