उजवी मूठ

मी कपडे शिवतो. गिऱ्हाईक दारात उभं असतानाच मला कळतं, याचा एक खांदा अर्धा बोट खाली आहे. आणि माझ्याच पोरीची उजवी मूठ नऊ महिने मिटलेली होती, ती मला दिसली नाही. खोटं बोललो. दिसली होती.

ठमी पाच महिन्यांची असेल. टेप पुढे धरली की डाव्या हाताने झडप घालायची. मी डावरा, माझे बाबा डावरे. बाबा दुकानभर सांगत सुटले, "मास्टरीणबाई जन्माला आल्यात!" गिऱ्हाइकांसमोर आम्ही हा खेळ करून दाखवायचो. माकडवाल्यासारखा.

त्याच महिन्यात तपासणीला नर्सबाई घरी आल्या. बायको आंघोळीला गेली होती.

"दादा, वर्षाच्या आत मूल असा एकच हात वापरत नाही. ही उजवा वापरतच नाहीये. अंगठा बघा, मुठीच्या आत आहे. ही चिठ्ठी घ्या, मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"ताई, आमच्यात सगळे डावरेच. तुम्ही सुई टोचा, आम्ही सुई चालवतो."

माझ्या विनोदावर मीच हसलो. त्या एवढंच म्हणाल्या, "याच आठवड्यात."

चिठ्ठी मी मापांच्या कागदांत खुपसली आणि बायकोला सांगितलं, वजन छान आहे म्हणाल्या.

पुढे ठमी अंगाची एक बाजू ओढत सरपटू लागली. बायको म्हणायची, अहो, दाखवू या. मी म्हणायचो, तुला खोट काढायची सवयच आहे. शेवटी चौदाव्या महिन्यात तिने पोरीला उचललं आणि मोठ्या दवाखान्यात निघाली. मी मागून गेलो.

डॉक्टरीणबाईंनी ठमीचा पाय वाकवला, मूठ उघडून पाहिली. म्हणाल्या, "सेरेब्रल पाल्सी. मेंदूच्या डाव्या भागाला जन्माच्या आसपास इजा झालेली दिसते, म्हणून उजवी बाजू ताठ. ती इजा जात नाही. पण एवढ्याशा मेंदूला शिकवता येतं. जेवढं लवकर, तेवढं जास्त."

"हिच्या वेळी मी सातव्या महिन्यात जिन्यावरून घसरले होते," बायको म्हणाली. "माझ्यामुळेच ना?"

"नाही हो. तुमचा काही दोष नाही. पण आधी कुणी काही बोललं नव्हतं?"

"कुणीच नाही." ती रडायला लागली. "मीच आंधळी."

मी फरशीकडे बघत होतो. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. ती जन्मभर स्वतःला कोसत राहिली असती, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवणारा भला नवरा ठरलो असतो. असा विचार मी केला. चांगला मिनिटभर केला.

"बोललं होतं," मी म्हणालो. "नर्सबाई. पाचव्या महिन्यात. चिठ्ठीही दिली होती. मी लपवली."

तिने डोळे पुसले. "का?"

"लोक म्हणाले असते, मास्टरची पोरगी..." मला पोरीची लाज वाटली होती, एवढंच त्याचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत बायकोने ठमीला माझ्या मांडीवर ठेवलं. "रोज तुम्हीच आणायचं. दुकान बंद ठेवा नाहीतर जाळा." आणि बाहेर जाऊन बसली.

व्यायाम घेणाऱ्या मुलीने ठमीच्या डाव्या हातात मऊ मोजा चढवला, म्हणजे तो वापरता येऊ नये, आणि उजवीकडे खुळखुळा धरला. ठमी किंचाळली. माझ्याकडे बघून किंचाळली. उजवी मूठ हलली, अर्ध्यावर आली, पडली.

"बाबा, तोंड फिरवू नका," ती मुलगी म्हणाली. "तिच्याकडे बघा."